पोरीच्या मागे मागे

४ मार्च, मंगळवार

आज पोरीला त्या बोलणाऱ्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. सुई नाही, गोळी नाही, नुसत्या गप्पा! माझी नात पंधरा वर्षांची घोडी, पण घराबाहेर पाऊल टाकलं की हात थरथरतात, छाती धडधडते. शाळा बंदच पडली आहे. बाई म्हणाल्या, दिवस भरण्याआधी जन्मलेल्या काही मुलांना मोठेपणी असा घोर लागतो, त्यात कुणाची चूक नाही. पण घरच्यांनी आता जरा हात सोडायला हवा. हे बोलताना बघत होत्या माझ्याकडेच.

रोज एकटीने कोपऱ्यावरच्या दुकानातून पाव आणायचा — हे पोरीचं औषध.

५ मार्च, बुधवार

गेली एकटी. म्हणजे मी मागून होते — उभ्या गाड्यांच्या आडून, चोरासारखी. माझा देह काय, लपतेय काय! लेक कामावर होती, तिला सांगितलं नाही.

काय करू? सातव्या महिन्यात झालेली पोर. काचेच्या पेटीत श्वास घ्यायचंच विसरायची. नर्स तळपायावर टिचकी मारायची, मग घ्यायची. लेक तापाने पडलेली, काचेबाहेर मी. तेव्हापासून हिच्यावरून नजर काढायची सवयच नाही.

७ मार्च

पुन्हा गेले. लाज वाटली, तरी गेले.

८ मार्च, शनिवार

आज घोळ घातला. दुकानात गर्दी. पोर रांगेत, चेहरा पांढराफटक, एक हात काउंटरवर घट्ट, ओठ हलताहेत. मी आत घुसले, तिला कवटाळलं आणि दुकानदारावर ओरडले, "पाणी द्या हो, सातव्या महिन्याची आहे, फुप्फुसं कच्ची आहेत हिची!"

सगळी रांग वळून बघायला लागली.

ती इतकंच म्हणाली, "आजी, मला जमत होतं." आणि पाव न घेताच निघून गेली.

बाईंनीच शिकवलं होतं म्हणे — हात टेकवायचा, दिसेल त्या वस्तूचं नाव मनात घ्यायचं. जमत होतं तिला. मीच मधे कडमडले.

१० मार्च

दार लावून बसली आहे. ताट ठेवलं, तसंच परत आलं. लेक म्हणाली, आई, तुला काय गरज होती?

१२ मार्च

बाईंना फोन करून सगळं सांगितलं. रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं. पोरीच्या दाराशी उभं राहून म्हटलं, चुकले गं.

१३ मार्च, गुरुवार

पोर बाहेर आली. चपला घातल्या. म्हटलं, जा, मी खुर्चीतून उठत नाही.

ती दारात थांबली. "नक्की ना? तू मागे असलीस की मला हळू चालावं लागतं. रस्ता ओलांडला की थांबावं लागतं, तू नीट आलीस का बघायला. पहिल्या दिवसापासून."

मग जिन्यावर पावलं वाजली. भराभर.