ब्रेकवर पाय होता

माझ्या लेकी, माझ्या धाकट्या भावा, आणि आमच्या गॅरेजातल्या सर्व मंडळींनो! आपल्या घरातल्या बाईवर ती मेल्यानंतर ठपका ठेवला गेला, की तिनं ब्रेक दाबलाच नाही. आणि तो आपण सगळ्यांनी मान खाली घालून ऐकून घेतला. जिवंत माणूस निदान भांडतो. मेलेल्याचं वकीलपत्र कोणी घ्यायचं? मी घेतो. मी, वाहनदुरुस्तीचा निवृत्त शिक्षक, डोकं ठिकाणावर असताना आणि कोणाच्या दडपणाखाली न येता हे मृत्युपत्र लिहीत आहे. याआधी केलेलं कोणतंही मृत्युपत्र रद्द समजावं.

१. राहतं घर लेकीला. जिन्याखालची ओलही तिलाच. मी तिच्याशी जन्मभर लढलो आणि हरलो.

२. शिडी शेजाऱ्याला. ती त्याच्याकडेच आहे.

३. पुस्तकं वाचनालयाला. तिथं मी भुताखेतांविरुद्ध घसा फोडून बोललो. त्यातला एक शब्दही मागे घेत नाही. पुढचं कलम वाचताना हे ध्यानात असू द्या.

४. शेडमधली गाडी. ही माझ्या बायकोची. गाड्या पलीकडे नेणाऱ्या होड्यांच्या धक्क्यावर, उतारावर, ती रांगेत थांबली होती. गाडी सावकाश पुढे सरकली. तिनं हँडब्रेक ओढेपर्यंत चाकं पाण्यात होती, आणि गाडी तिच्यासकट बुडाली. गाडी वर काढल्यावर भावानं तपासली. त्याच्याइतका प्रामाणिक मिस्त्री मी पाहिलेला नाही, म्हणून तर सगळ्यांनी त्याचा शब्द मानला. ब्रेक ऑइलची डबी भरलेली, चाकांपाशी गळती नाही. त्यानं बुटाच्या टाचेनं पेडल हाणलं, ते दगडासारखं थांबलं. "दादा, ब्रेक ठणठणीत आहे. वहिनी घाबरल्या असतील, पाय दुसरीकडे पडला असेल."

अरे, गॅरेजात आपण सगळेच पेडल लाथ मारून तपासतो! पेडल दाबलं की ऑइल चाकांकडे ढकलणाऱ्या मास्टर सिलिंडरमधलं रबर झिजलं, तरी जोरात मारलेल्या पायाखाली ते फुगून घट्ट बसतं. हळू दाबून ठेवलेल्या पायाखाली मात्र ऑइल आतल्या आत मागे सरकतं. बाहेर थेंब दिसत नाही, आणि पेडल बुडत जातं. तुझ्या वहिनीचा पाय हलका होता. ती गाडी चालवायची तेव्हा मागे बसून तू भरल्या कपानं चहा पीत यायचास. विसरलास?

मग मीच सिलिंडर उघडून का दाखवला नाही? नवऱ्यानं काढलेला दोष कोण खरा मानणार? ज्यानं ठपका ठेवला, त्याच्याच हातून तो पुसला गेला पाहिजे.

आता दुसरी गोष्ट. पेडल मऊ करणाऱ्या बूस्टरला हवेची ओढ, म्हणजे व्हॅक्यूम, मिळते ती चालू इंजिनातून. इंजिन बंद ठेवून पेडल चारदोनदा दाबलं की साठलेली ओढ संपते आणि पेडल कडक होतं. या गाडीचं इंजिन पाण्यातून आल्यापासून एकदाही चालू झालेलं नाही. मी ओढ संपवली, पेडल कडक केलं, दार लावून बाहेर आलो. परत गेलो तर पेडल मऊ, आणि डॅशबोर्डखाली सुस्कारा. पुन्हा संपवली. पुन्हा भरली.

मग एका लख्ख दुपारी मी आणि लेक गाडीच्या काचेबाहेर उभे होतो. आत कोणी नव्हतं. पेडल खाली जात होतं; एकसारखं, अलगद. तळाला टेकलं आणि तिथंच थरथरत राहिलं. लेक म्हणाली, "बाबा, आई पाय काढतच नाहीये."

मी स्प्रिंग पाहिली, गंज पाहिला, शेडचा उतार पाहिला. एकही कारण पुरलं नाही. कारण सापडलं नाही म्हणून मी भूत म्हणणार नाही. पण त्या दिवसापासून शेडचं दार मी बाहेरून लावत नाही.

भाऊ म्हणतो, "दादा, भंगारात दे. वहिनींना मोकळं कर." मोकळं? ठपका तसाच ठेवून? एकदा तो शेडच्या दारापर्यंत आला होता. सुस्कारा ऐकला आणि "गिऱ्हाईक आलं वाटतं" म्हणून गेला, तो गेलाच.

५. माझी सगळी हत्यारं आणि गॅरेजातला माझा हिस्सा भावाला. पण अट आहे. लेकीसमोर त्यानं ब्रेक पुन्हा तपासावा, सिलिंडर उघडून आतलं रबर तिच्या तळहातावर ठेवावं, आणि जे दिसेल ते गॅरेजभर ऐकू जाईल असं बोलावं. मीच चुकीचा निघालो, तर तेही बोलावं. तोवर गाडीला कोणी हात लावू नये.

तेव्हा भावा, बूट काढ. अनवाणी आत बस. पेडलवर पाय ठेव, तिच्यासारखा हलका. तिथं आधीच एक पाऊल आहे असं वाटलं, तरी उचलू नकोस. दाबून धर.

मृत्युपत्र करणाऱ्याची सही

वरील सही आमच्यादेखत, समजून-उमजून झाली :
१. कुटुंबाचे डॉक्टर (सही)
२. कोपऱ्यावरच्या शिवणकाम करणाऱ्या बाई (सही)

ठिकाण : राहतं घर, शेडकडची खोली
दिनांक : नऊ नोव्हेंबर