कोठाराच्या बागेतली पायवाट

प्रिय डॉर्कस वन्सं यांस,
सप्रेम नमस्कार.

माझ्या बागेतून जाणारी सार्वजनिक पायवाट कुंपणाबाहेर वळवावी, या कौन्सिलकडच्या माझ्या अर्जावर हरकत घ्यायची मुदत शुक्रवारी संपते आणि अजून एकही हरकत आलेली नाही, म्हणून हे पत्र. तुमचा गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी सांगितलेला व्यायाम करता, की नुसतं त्याबद्दल बोलता?

मी ठणठणीत आहे. तुमच्या भावानं हे धान्याचं कोठार राहायला घेतलं तेव्हा दलाल म्हणाला होता, "बाई, या घराला व्यक्तिमत्त्व आहे." आहे खरं. तुळई माझ्या कपाळाच्या उंचीवर आहे, शेकोटीची सगळी ऊब छपरातल्या वटवाघळांना मिळते (त्यांना कायद्याचं संरक्षण आहे, मला नाही), आणि मी शिंकले की वरून कुणीतरी पुन्हा शिंकतं. पूर्वी शिंकलं की विल्फ्रेड 'जपा' म्हणायचे; ते गेल्यापासून मीच वर बघून म्हणते.

पायवाटेचं मात्र अती झालं होतं. पूर्वी ज्या दारातून गवताच्या गाड्या आत यायच्या तिथं आता काचा आहेत, आणि वाट नेमकी त्यांच्यासमोरून जाते. मी अंडं फोडायला घ्यावं आणि बाहेरून वीस माणसांनी बघावं! एका रविवारी एक जोडपं बागेतल्या टेबलाशी बसलं आणि त्यांनी चक्क चहा मागवला. मी दिला (भांडणापेक्षा चहा लवकर होतो). नवरा म्हणाला, "जरा पाणचट आहे हं." बायको त्याच्यावर खेकसली, "गप्प बसा! बिचारी एकटीच सगळं बघतेय." त्या 'बिचारी'पायी मी अर्ज ठोकला.

निकालापर्यंत बाहेरच्या वाटेनं जावं, अशी पाटी फाटकावर लावली. वाटलं, भांडतील. चालणाऱ्यांच्या मंडळाचे म्होरके टॅपस्कॉट नऊ वर्षं माझ्याशी वाद घालत आले आहेत, तेसुद्धा टोपी काढून म्हणाले, "अहो हेस्टरबाई, आधी सांगायचं की! एवढा त्रास होत होता तुम्हाला?" इतक्यांदा माफी मागितली की मलाच संताप आला. तेव्हापासून कुणी नाही. कुंपणावरून नुसत्या टोप्या सरकताना दिसतात. बोलतातही हळू, मला त्रास नको म्हणून. परवा मी कुंपणाशी जाऊन मुद्दाम खोकले, तर पलीकडून "सॉरी हं!" आलं आणि पावलं भरभर लांब गेली. नाशपाती झाडाखाली सडताहेत. चोरायलाही कुणी येत नाही.

अर्ज मागं घेणं मला जमणार नाही. तुम्ही मला ओळखता.

आपली,
हेस्टर

ता. क. गुडघा बरा असेल तर नाताळला या.

ता. क. दुसरा. बरा नसला तरी या. आणि सोबतच्या हरकतीच्या कागदावर आजच सही करून कौन्सिलला पाठवा. बाकी मी भरलंय. 'वाट वळवल्यास कुणाची गैरसोय होईल?' या रकान्यात खरं तेच लिहिलंय. वाचत बसू नका.

सोबत: हरकतीचा कागद एक, तिकीट लावलेलं पाकीट एक, नाशपातीच्या मुरंब्याची बरणी एक. टपालवाल्या मिसेस गफ यांच्या हाती दिलं, मंगळवार, सकाळी सव्वादहा. आत या म्हटलं. त्यांची अजून अकरा घरं व्हायची होती.