द्रव आणि उष्णता

लरोझ, लुईझियाना
२ जून

ती. धर्ममाता नॅनन ओडील हिस,
कोरीनचा सा. न.

तू स्वयंपाक करतेस ती टगबोट कधी कुठे लागते ते कळत नाही, म्हणून हे पत्र धक्क्याच्या पत्त्यावर.

वैद्यकीय प्रवेशाचा अर्ज भरते आहे. हा तिसरा आणि शेवटचा. नाही झालं तर कारखान्यातली नोकरी कायमची घेणार. शिकलेला प्रत्येक विषय कोणत्या रकान्यात जातो ते अर्जात आपणच लिहायचं असतं. जीवशास्त्र, रसायनशास्त्र, भौतिकशास्त्र आणि गणित, एवढ्यांचीच विज्ञानाची वेगळी सरासरी निघते. आपल्या भागातली मुलं घेणारं एकच कॉलेज आहे, आणि ते चारपैकी सव्वातीनच्या खालचा अर्ज उघडत नाही.

माझे चांगले गुण इंजिनिअरिंगचे. ते यात धरत नाहीत. रसायनशास्त्रात मार खाल्ला, तो आई गेली त्या वर्षी. मानसशास्त्र विभागात शिकलेलं संख्याशास्त्र गणितात धरतात, ते धरलं. तरी थोडं कमी पडतंय. राहिला एक विषय: द्रव आणि उष्णता. त्याला भौतिकशास्त्र म्हटलं तर मी आत, इंजिनिअरिंग म्हटलं तर बाहेर. नियम असा, की विभागाचं नाव बघायचं नाही. अर्ध्याहून जास्त जे शिकवलं, तोच रकाना. जुनी टिपणं काढून वाचली. अर्ध्याहून जास्त पंप आणि नळ्यांची रचनाच आहे. पुन्हा वाचली, तरी तेच.

डॉ. थेरिओंनी दवाखाना बंद केला. आता गावात डॉक्टरच नाही. तू माझ्या जागी काय करशील ते कळव.

लोभ आहेच, या वेळी थोडा धीरही पाठव.
कोरीन

नदीवरून
११ जून

चि. कोरीन हिस,
ओडीलचे पोटभर आशीर्वाद.

अगं बाई, पाणी नळीतून गेलं काय नि नदीतून गेलं काय, पाणीच ना! लिही भौतिकशास्त्र आणि मोकळी हो. कोण बघतंय? तू लहानपणापासून अशीच. गम्बो ही भाजी की सूप, यावर वाद घालून ताट थंड करायचीस. कॅप्टन म्हणतो, एवढी काटेकोर पोर डॉक्टर झाली तर रोग्याला मरायची तारीखही बरोबर सांगेल.

माझं ठीक. मागे चुलीपाशी पायावर गरम तेल सांडलं. मोजा ओला लागला तेव्हा कुठे कळलं! फोड अजून ओला आहे, पण दुखत मुळीच नाही. बोटीवर तब्येत तपासायला येतो त्याला 'भाजलं' एवढंच सांगितलं, नाहीतर उगाच बोटीवरून उतरवतात. तहान मात्र फार लागते. उन्हाळाच तसला.

जेवत जा. माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी नॅनन

लरोझ
१६ जून

ती. नॅनन हिस,
सा. न.

मोज्याबद्दलचं तुझं वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. गरम तेल सांडलं तर माणूस ओरडतं. तू ओरडली नाहीस. फोड भरत नाही, तहान भागत नाही. मला वाटतं ही साखर आहे, म्हणजे मधुमेह, आणि पायाची संवेदना गेली आहे. मी डॉक्टर नाही. माझं चुकत असेल तर बरंच. पण पत्राची वाट न बघता बोटीच्या ऑफिसात फोन करून कॅप्टनना निरोप दिलाय. ते तुला पुढच्या धक्क्यावर उतरवतील. थेट इस्पितळात जा.

तुझं पत्र आलं तेव्हा मी अर्जात भौतिकशास्त्र लिहून ठेवलं होतं. मग तुझ्या पायाचं वाचलं. सोयीच्या रकान्यात टाकलेली गोष्ट कशी चिघळते ते समोरच होतं. मी ते खोडून इंजिनिअरिंग लिहिलं आणि अर्ज पाठवला. सरासरी सव्वातीनच्या खाली राहिली. हे फक्त तुला सांगते.

रागाव, पण लोभ काढून घेऊ नकोस.
कोरीन

इस्पितळातून
२० ऑगस्ट

चि. कोरीन हिस,
आशीर्वाद, आणि थोडा राग.

दोन बोटं गेली, पाऊल राहिलं. बोटीवर परत घेणार नाहीत. माझी चूल आता दुसरीच कोणी पेटवते. कॉलेजचा नकार तू एका ओळीत कळवलास. रडलीस का ते लिहिलं नाहीस, म्हणजे रडलीस.

इथल्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, साखर कोणी ओळखली? म्हटलं, माझ्या डॉक्टरने. नाव विचारलं, तर तुझं सांगितलं. त्यांनी कागदावर लिहूनही घेतलं. ओरडू नकोस. विभागाचं नाव बघायचं नाही, अर्ध्याहून जास्त काय आहे ते बघायचं, असं तूच लिहिलंस ना? मी बघितलं.

लोभ तुला वाटेल त्या रकान्यात धर, पण धर.
तुझी नॅनन