घासून काढलेली विंचेस्टर

१२ सप्टेंबर २०२२, सोमवार

खलीलमामू गेला सुट्टीवर. तीन आठवडे. रत्नागिरीला डोळ्याचं ऑपरेशन. बाबा, म्हणजे आमचे कतरी शेठ, लंडनला, गुडघे दाखवायला. म्हणजे दोहातल्या अल गराफाच्या ह्या एवढ्या मोठ्या व्हिलात आता मी कॉफीवाला, रहमान आचारी आणि अकरा बंदुका. बस.

जाताना मामूने कपाटाची चावी माझ्या हातात दिली पण सोडेना. "फुजैल, तेल आणि फडका. बाकी डोकं चालवू नको."

"डोकं असतं तर नववीत दोनदा बसलो असतो काय?"

हसला नाही. मामू एरवी कशावरही हसतो. बंदुकांवर नाही. एकोणीस वर्षं बाबांच्या बंदुका सांभाळतोय. आधी साधा सुतार म्हणून आला होता.

१५ सप्टेंबर, गुरुवार

आज अकराही खाली काढल्या. सगळ्या जुन्या शिकारीच्या, अमेरिकेतल्या. चापाभोवती लोखंडी कडी असते. तिच्यात बोटं घालायची, खाली ढकलायची, वर ओढायची — कचक्-कचक्! — घोडा आपोआप मागे. गोळ्या बाबांच्या तिजोरीत, त्यामुळे नुसता आवाज. पण आवाजातच मजा आहे. एकीचा घट्ट, एकीचा खुळखुळा, आणि ती जाडी १८८६ वाली तर अशी फिरते की तुपात बसवलीय.

थंडीत शुक्रवारी बाबा वाळवंटातल्या मळ्यावर नेतात. कलिंगडं फोडतात. गेल्या वर्षी मला तीन गोळ्या दिल्या. खांदा दोन दिवस दुखला आणि मी दोन दिवस खूश.

रहमानला सांगितलं, वर्ल्डकपच्या मॅचच्या कार्डासाठी फोटो डोक्यावर फुटबॉल ठेवून काढायचा असतो. फुटबॉल नव्हता. त्याने कोबी ठेवला. फोटो आहे माझ्याकडे.

१९ सप्टेंबर, सोमवार

कंटाळा. बाहेर सगळं रंगवणं चाललंय. फुटपाथच्या कडा, खांब, भिंती. पाव्हणे येणार म्हणून अख्खी दोहा तोंड धुऊन बसलीय.

आणि आमच्या मजलिसमध्ये, पाव्हण्यांच्या बैठकीत, मधोमध काय टांगलंय? सगळ्यात भिकार बंदूक. १८९४ मॉडेलची विंचेस्टर. लोखंड तपकिरी, दस्ता काळपट, त्यावर ओरखडे, एका कोपऱ्यावर उंदराने कुरतडल्यासारखं. बाबांचा अमेरिकन दोस्त वर्ल्डकपला येणार आहे. त्याच्या घरी म्हणे असल्या साठ आहेत. तो हे बघणार?

डोक्यात आलंय काहीतरी. मामू परत येईल, वर बघेल, म्हणेल — ही नवी कुठून आली? जुनी कुठे गेली? त्याचा चेहरा मला बघायचाय.

२० सप्टेंबर, मंगळवार

दस्ता सोडवला. पॉलिशपेपर — आधी जाड, मग बारीक. खालून असं लाकूड निघालं, आक्रोडाचं, लालसर! लोखंडावरचं तपकिरी सगळं उडवलं, काळ्या रंगाचं औषध चोळलं. हात अजून काळे आहेत.

२१ सप्टेंबर, बुधवार

व्हार्निशचे दोन हात. आरशासारखी. रहमान म्हणाला, "नया लिया क्या?" जमलं!

४ ऑक्टोबर, मंगळवार

मामू आला. एका डोळ्यावर काळा चष्मा. बॅग न ठेवता आधी मजलिसमध्ये गेला. मी दाराआड, तोंडावर हात.

बघितलं त्याने. जवळ गेला. चष्मा काढला. मग खाली गालिच्यावर बसला.

मी बाहेर आलो, म्हटलं, "मामू, सर्प्राइज."

शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

५ ऑक्टोबर, बुधवार

मामूने दुपारी सांगितलं. हळू आवाजात, जसं कोणी आजारी आहे घरात.

जमवणारे लोक ह्या बंदुकांचं जुनेपणच जमवतात. ते तपकिरी, ते ओरखडे — तेच तर. घासली की मेली. परत येत नाही. "दुरुस्त करता येतं मोडलेलं. तू मोडलं नाहीस, पुसलंस."

आणि ही बाबांच्या बापाची होती. ओरखडे नऊ होते. दर थंडीत शिकारीला गेला की एक. नवव्यानंतर तो गेला. आणि तो कुरतडलेला कोपरा — बाबा वर्षाचे होते, दात येत होते. बाप मांडीवर बंदूक घेऊन बसायचा आणि बाबा दस्ता चावायचे. बाबा रोज संध्याकाळी तिथे अंगठा फिरवतात. मी दोन वर्षं बघतोय. मला वाटायचं धूळ बघतात.

९ ऑक्टोबर, रविवार

आयडिया केली. चहाचं पाणी, कोळसा, साखळीने ठोकलं. नऊ रेघा मारल्या. कोपरा मी स्वतः चावला. माझे दात मोठे. बाळाचे वाटतच नाहीत, घोड्याने खाल्ल्यासारखं दिसतंय.

मामूने बघितलं. मला वाटलं हसेल. त्याने बंदूक माझ्या हातातून काढून घेतली, माझं सगळं काम गुळगुळीत केलं आणि परत टांगली. "एक खोटं बास," म्हणाला.

२८ ऑक्टोबर, शुक्रवार

बाबा आले. काठी घेऊन. मजलिसमध्ये बसले, हात पुढे केला. मामूने बंदूक दिली. मी कॉफीची किटली घेऊन बाजूला.

अंगठा गेला कोपऱ्यावर. थांबला. परत फिरला.

"ये किसका? मेरा किधर?"

त्यांना वाटलं कोणी बदलली. विकली. मामूकडे बघत होते. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा त्याच्याकडे तसं बघितलं असणार. चोराकडे बघतात तसं.

मामूने लायसनचं पुस्तक आणलं. बंदुकीच्या पोटाखालचा नंबर दाखवला. एकेक आकडा वाचला. जुळला. बाबांचं तोंड पडलं. चोरी झाली असती तर निदान ती कुठेतरी असती.

मग मामू म्हणाला, "मैंने किया, बाबा. अच्छा करने को गया."

मी दोन हातांच्या अंतरावर उभा होतो. किटली गरम होती. तेवढंच आठवतंय.

२९ ऑक्टोबर, शनिवार

"खलास," बाबा म्हणाले. मामूची फायनल एक्झिट, म्हणजे कायमचं घरी. ऑफिसातले अनंतराव कागद घेऊन आले. ते नाशिकचे, बाबांचे सगळे कागद तेच करतात.

मी मामूला म्हटलं मी सांगतो. तो म्हणाला, "गप. तुला पाठवला तर तू गावात काय करणार? कोंबड्यांच्या खोड्या? माझा एक डोळा गेलाच आहे. मी तसाही जाणारच होतो."

जाणार नव्हता. मामी फोनवर परवाच म्हणत होती — अजून तीन वर्षं तरी, इन्शाल्ला.

३१ ऑक्टोबर, सोमवार

आज सांगणार होतो. बाबा फोनवर होते.

१ नोव्हेंबर, मंगळवार

आज सांगणार होतो. कॉफी ओतली, तोंड उघडलं. "और थोडा?" विचारलं.

३ नोव्हेंबर, गुरुवार

कागद अजून बाबांच्या तिपाईवर, खजुराच्या डब्याखाली. अनंतराव म्हणाले, "सही का करत नाहीत कळत नाही बुवा. एरवी वाचतसुद्धा नाहीत."

मला वाटलं राग उतरतोय. मग बोलून मुद्दाम कशाला उकरायचं? आपोआप मिटेल. रहमानच्या चपलांना डिंक लावला. चिकटला बिचारा. मला हसू आलं नाही.

४ नोव्हेंबर, शुक्रवार

नाही सांगितलं.

६ नोव्हेंबर, रविवार

सही झाली.

९ नोव्हेंबर, बुधवार

मामूला विमानतळावर सोडलं. आत येणाऱ्यांची गर्दी, जर्सी, ढोल, गालांवर झेंडे. बाहेर जाणारे आम्ही एका बाजूने, भिंत धरून.

शेवटपर्यंत बंदुकांचंच. "ह्यांना मागून साफ करायचा गज जात नाही, तोंडाकडून घालावा लागतो. बोट लावून धर, कड घासली की नेम गेला. आणि टोकदार गोळ्या नको भरू कधी, नळीत एकीचं टोक दुसरीच्या बुडावर बसतं." हो म्हटलं. बाकी काही म्हटलं नाही. त्याने चावी माझ्या खिशात टाकली. ह्यावेळी लगेच सोडली.

२० नोव्हेंबर, रविवार

पहिली मॅच. मजलिस भरलेली. अमेरिकन दोस्ताने दहा बंदुका बघितल्या, एकेकीपाशी दहा-दहा मिनिटं. विंचेस्टर हातात घेतली, एकदा फिरवली, लगेच ठेवली. "रिफिनिश्ड," म्हणाला आणि पुढे गेला.

बाबा टीव्हीकडे बघत राहिले. आपण हरत होतो. आपण म्हणजे कतर.

२२ नोव्हेंबर, मंगळवार

सांगितलं. उभ्या उभ्या. मी घासली, मामूने नाही.

बाबांनी मान वर केली नाही. "मालूम," म्हणाले. खलीलचा हात ते एकोणीस वर्षं बघतायत, इतकं वाईट काम तो करूच शकत नाही.

मग मामूला का पाठवलं?

"आठ दिन साइन नहीं किया. रोज कॉफी तू लाता था."