किल्लीच्या तीन अटी

४ मार्च

बाबांनी आज स्कूटर पुन्हा फुटपाथवर चढवली! मी मागे बसलेले. वर म्हणे, फुटपाथच पुढे आलाय. डोळ्यांच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय— गाडी बंद. पण जन्मभर बस चालवलेला माणूस! किल्ली मागितली की कानावर हात.

मी चालवू शकते. म्हणजे शकत होते. कॉलेजात असताना जी पडले, त्यानंतर हँडलला हात लावलेला नाही.

५ मार्च

कचेरीत शब्दकोशासाठी 'शरणागती'चं कार्ड माझ्याकडे आलं. अर्थ लिहिला— हार मानणे. संपादकबाईंनी लाल रेघ मारली. म्हणाल्या, वेढ्यात सापडलेला किल्लेदार अटी ठरवून दार उघडतो, गावाला हात लावू नका म्हणतो, तीही शरणागतीच. भक्ताची निराळी, त्यात अटच नसते. आणि घासाघीस करून दमलेला दुकानदार "न्या बाई" म्हणतो, ती? सगळं नीट लिहून आण.

६ मार्च

शेवटी मीच किल्ली काढून चहाच्या डब्यात लपवली. बाबांचा अबोला. घरात फक्त भांडी बोलतात.

७ मार्च

मी साखर विसरले, तरी बाबा चहा निमूट प्यायले. मला फार वाईट वाटलं.

८ मार्च

सकाळी बाबांनी कागद पुढे सरकवला. बसच्या वेळापत्रकासारखं सुबक अक्षर! एक— गाडी विकायची नाही. दोन— रविवारी ती पुसणार मीच. तीन— चालवायची तू, मी मागे, "ब्रेक!" म्हणून ओरडायचा हक्क माझा.

पहिल्या दोन कबूल. तिसरी नाही. म्हटलं, मी बसने जाईन.

"मग किल्ली परत दे," एवढंच म्हणाले.

किल्लेदारासमोर बसल्यासारखं वाटलं. सही केली. त्यांचं मन राखायला, दुसरं काय!

१० मार्च

रिकाम्या मैदानात चार फेऱ्या. बाबा सतरा वेळा "ब्रेक!" ओरडले. पडले नाही!!

१४ मार्च

कार्ड पास झालं. बाई चक्क हसल्या.

१८ मार्च

कचेरीपर्यंत मी चालवली. भर रहदारीत. बाबा मागे, अख्ख्या वाटेत एकदाही ओरडले नाहीत.

उतरल्यावर म्हणाले, "किल्ली मी डॉक्टरांकडून आलो तेव्हाच सोडणार होतो. पण फुकट सोडली असती, तर तू जन्मभर बसनेच गेली असतीस."

म्हणजे वेढा मलाच पडला होता! आणि मी इतके दिवस त्या म्हाताऱ्याची कीव करत होते.