छत्रीचं अर्थिंग

प्रिय ठमे,

तुझं पार्सल पोचलं. वीज अडवणारे दोन अरेस्टर, तांब्याचा दांडा, हिरवी वायर आणि वर तुझी चिठ्ठी, की बाबा, आपल्या छत्रीला अर्थिंग करा, नाहीतर मी येऊन छत्रीच उतरवीन. बापाला दम देतेस? ज्याने या गल्लीतल्या साठ घरांवर डिशच्या छत्र्या बसवल्या, ज्याच्या हाताखाली तू हाच धंदा शिकलीस, त्याला? पण तुझं खरं आहे. आपल्याच घराला मी कधी जमिनीत दांडा ठोकला नाही. तुझी आई म्हणायचीच, "तुमच्या बोलण्याला अर्थ नाही, निदान छत्रीला तरी द्या." मी हसायचो आणि पुढच्या रविवारवर ढकलायचो. ती जाऊन दोन वर्षं झाली. आता सामान हाताशी असूनही मी ते का बसवत नव्हतो, ते तुला सांगायला हवं. शेजारच्या शिवणवाल्या काकूंनी तुझ्याकडे चुगली केली ती खोटी नाही. ढग गडगडायला लागले की मी छतावर जातो.

छत्री लावायची आपली पद्धत तुला ठाऊकच आहे. एकाने वर छत्री केसभर फिरवायची, दुसऱ्याने खाली टीव्हीसमोर उभं राहून ओरडायचं, चित्र आलं की 'आलं', गेलं की 'गेलं'. आपल्या घरी ते काम आईचं. "अहो, आलं" म्हणायची, आणि गॅसवर काही करपत असलं तर चित्र नसतानाही आलं म्हणून मोकळी व्हायची. मागच्या वर्षी एका दुपारी वारा सुटला, म्हणून नट आवळायला वर गेलो. जाताना टीव्हीची आणि सेट-टॉप बॉक्सची पिन काढली, छत्रीची केबल मात्र बॉक्सला तशीच राहिली. वीज केबलमधूनही घरात शिरते, नुसती पिन काढून भागत नाही, हे गिऱ्हाइकांना जन्मभर ओरडून सांगितलं आणि चूक मीच केली. छत्रीला हात लावला आणि खालून आवाज आला, "अहो, आलं." मी सवयीने हात थांबवला. मग ती घरात नाही हे आठवलं आणि पाना तिथेच टाकून जिन्याकडे धावलो.

खाली आलो तर खोलीत कुणी नाही. टीव्ही काळा, दोन्ही पिना फरशीवर पडलेल्या, आणि बॉक्सवरचा बारीक लाल दिवा चालू. केबल उपटली तसा तो विझला. कान वाजले म्हणून सोडून दिलं. पण पुढच्या वेळी आभाळ भरलं तेव्हा, खोटं कशाला सांगू, मी पिन काढली आणि केबल मुद्दाम ठेवली. पुन्हा तेच. छत्री डावीकडे नेली की गेलं, उजवीकडे आणली की आलं, आणि मध्येच तिचं ते वैतागलेलं "अहो, आवरा लवकर". मला भीती वाटली ठमे, पण त्याहून जास्त बरं वाटलं. वर्षभर हाच उद्योग चालला. एकदा पलीकडच्या पाण्याच्या टाकीवर वीज पडली, माझ्या अंगावरचे केस उभे राहिले, तरी मी हललो नाही. तुझं पार्सल आलं तेव्हा एवढं कळत होतं, की दांडा जमिनीत गेला की त्या केबलमधून जे येतं तेही जमिनीत जाणार. म्हणून खोकं पलंगाखाली सारलं आणि फोनवर तुला थाप मारली, की बसवलं.

मंगळवारी चारच्या सुमाराला आभाळ पुन्हा दाटलं. मी वर गेलो, छत्रीला हात लावला, आणि खालून आवाज आला, "बाबा, आलं." 'अहो' नाही, 'बाबा'. आवाज तुझा होता. तुझी आई तिथून बोलते हे मी समजून घेतलं होतं, ती गेलेली आहे. तू तिथून का बोलतेस? धडपडत खाली आलो, केबल उपटली, तुला फोन लावला. बंद. आज गुरुवार, अजून बंदच. बॅटरी गेली असेल, टॉवर पडला असेल, तू कुणाच्या तरी छतावर कामात असशील, असं स्वतःला सांगतोय. काल सकाळी दांडा ठोकला, अरेस्टर बसवले, वायर आवळली. आज दुपारी गडगडलं तेव्हा टीव्हीसमोर बसून राहिलो, काहीही ऐकू आलं नाही. खरं तर मीच यायला हवं, पण तुझ्या दारात काय ऐकावं लागेल या भीतीने पाऊल उचलत नाही, म्हणून हे पत्र तुझ्या गावच्या गाडीच्या ड्रायव्हरकडे देतोय. आईचं गप्प होणं मी सोसेन. तू वर असशील तर आधी खाली उतर आणि मला फोन लाव. रागवायचं ते नंतर रागव. आधी नुसतं बाबा म्हण.

तुझी वाट बघत बसलेला,
तुझाच,
बाबा