यादी उलटली तरी टेस्ट हिरवी

कामरगाव, मंगळवार

आदरणीय जानरावमामा,

सप्रेम जयभीम. तुमचा गुडघा आणि इंझोरीच्या शेतातला हरभरा, दोघेही धड असतील असं धरून चालते. वच्छलामामींचा फोन आला होता, की तुम्ही माझ्या लग्नाला येणार नाही. ("ते म्हणून राह्यले, ज्या पत्रिकेत आपलं नाव मंडपवाल्याच्या खाली, त्या मांडवात आपून जात नाई.") कळलं. पण हे पत्र माफीचं नाही, ते आधीच सांगून ठेवते.

तुम्ही गावभर सांगता, की भाची पुण्याच्या कंपनीत कॉम्प्युटर शिकवते. (शिकवत नाही. घरी बसून पत्रिका तपासते.) आमची कंपनी लग्नाच्या मोबाइल पत्रिका बनवते. सॉफ्टवेअरमध्ये काही बदललं की मंजूर झालेल्या पत्रिका पुन्हा काढून जुन्या-नव्या ताडायच्या; ते काम मी लिहिलेल्या टेस्ट आपोआप करतात. ताडायचं ते पत्रिकेच्या पोटातलं एचटीएमएल, म्हणजे कोणतं अक्षर मोठं, कोणती ओळ कुठे, हे मोबाइलला सांगणाऱ्या खुणा. आधी अक्षरन् अक्षर ताडलं जायचं. एक मोकळी जागा जास्त पडली, की चारशे टेस्ट लाल, म्हणजे नापास, आणि डोळ्याला काडीचा फरक दिसत नाही. (माझं लग्न ठरलं त्या साक्षगंधात तुम्ही कुणाला मानाची टोपी मिळाली, कुणाला नाही, हे मोजत बसला होता, तसा प्रकार.) म्हणून मी टेस्टला शिकवलं, की मोकळ्या जागा सोडून दे, आधी कोण नंतर कोण यावरून भांडू नकोस, सगळे हजर आहेत ना एवढंच पाहा. आमच्या साहेब रीता मॅडम, त्यांनी कौतुक केलं. घरातही असंच असावं असं माझं मत आहे, आणि ते मी बदललेलं नाही.

मग आली माझीच पत्रिका. त्याच आठवड्यात कंपनीत कुणी तरी यादी मांडायचा भाग दुरुस्त केला आणि नावं पायाकडून डोक्याकडे आली. तळाचे 'मंडप व्यवस्था : फय्याजभाई' पहिले झाले, आणि पहिले असलेले तुम्ही 'कृपया आहेर आणू नये' याच्याही खाली गेलात. टेस्टनं हजेरी घेतली, सगळे हजर, म्हणून हिरवी, म्हणजे पास. पत्रिका तीनशे मोबाइलवर गेली. फय्याजभाईंनी ती स्टँडवरच्या एकेका जीपवाल्याला दाखवली. आता तुमचं ऐकून तेही कमान बांधायचे थांबलेत. "मामाले आन पह्यले, मंग माहं नाव कुठीबी टाक," म्हणतात.

तर मामा, तुमचा मान गेला हे मला कबूल नाही. बाबा गेले त्या वर्षी दहावीच्या पेपरला तुम्ही मला जीपमध्ये पुढे बसवलं आणि स्वतः मागे लटकून कारंज्याच्या परीक्षा केंद्रापर्यंत आलात. तेव्हा आपला नंबर कितवा, हे विचारलं नव्हतं. आताच कायले विचारता?

तुमचीच,
धम्मदीपा

ता. क. क्रम सोडायचा होता तो खुणांच्या आतल्या किरकोळ गोष्टींचा. माणसांचाही त्यातच सोडला, तो माझा आळस. चुकलंच.

ता. क. २. नावांचा क्रम पाहणारी वेगळी टेस्ट आता लिहिली आहे. तिचं नाव ठेवलंय 'जानराव'. काल एका नवरदेवाची आत्या खाली सरकली, तर पडद्यावर लाल अक्षरं आली, 'जानराव नाराज', आणि पत्रिका अडली. हे जानराव कोण, असं रीता मॅडमनी विचारलं. मी म्हटलं, ते राजी झाल्याशिवाय आमच्याकडे लग्न लागत नाही.

ता. क. ३. रविवारी अकराला नवरीला मांडवात मामानं आणायचं असतं. तुमच्या जागी माझा भाऊ उत्कर्ष तयार आहे. त्याला मी नाही म्हणून सांगितलंय. तुम्ही येईपर्यंत मी दारात उन्हात उभी राहीन, आणि मग मामी तुम्हाला काय म्हणतील ते तुमचं तुम्ही पाहा.